कातिमा मुलिलो ते कसाने सायकलवर: एका दिवसात होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैमध्ये नामिबियातल्या कातिमा मुलिलोहून निघायचं, न्गोमाला सीमा ओलांडायची आणि संध्याकाळपर्यंत बोट्स्वानातलं कसाने गाठायचं. अंतर साधारण १२० किलोमीटर, सगळा रस्ता डांबरी, चढ नावापुरता. सायकल ३८ मिमी टायरची, सामान १८ किलो. शेवटचा निम्मा रस्ता चोबे राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि तिथे हत्ती असतात. तर हे एका दिवसात जमेल का, आणि पाणी, पंक्चर, सीमेवरचे सोपस्कार यांचं काय करायचं?

पाय नक्की पुरतील. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या आत काढणाऱ्याला १२० किलोमीटर सपाट डांबराची काळजी नको. अडचण वेळेची आहे. सीमेच्या चौक्या ठरावीक तासांतच उघड्या असतात, जुलै हा तिथला हिवाळा असल्याने दिवसाचा उजेड अकरा-सव्वाअकरा तासच मिळतो, आणि हत्तींची पाण्यावर जायची वेळ ठरलेली असते. या तिन्ही वेळा जुळवल्या की दिवस निवांत जातो. त्यांतली एक चुकली की शेवटचे वीस किलोमीटर जीव मुठीत धरून काढावे लागतात.

हिशोब मांडून बघा. जुलैत तिथे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सव्वासातला निघालात, तर कातिमा ते न्गोमा हे ६५ किलोमीटर थांबे धरून साडेचार तासांचे. म्हणजे पावणेबारा. दोन्ही चौक्यांवर मिळून तासभर धरा; पुढे बस उभी असेल तर दीड तास. उद्यानाच्या फाटकावर तुम्ही एकला किंवा त्यानंतर पोचता. पुढचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर समोरच्या वाऱ्यात तासाला पंधराने, म्हणजे चाललात तरी चार तास. वर हत्तींसाठी थांबणं आलंच. कोरड्या ऋतूत हत्ती आतल्या रानातून नदीकडे निघतात ते दुपार कलल्यावर, आणि तुमचा रस्ता बरोबर रान आणि नदी यांच्या मध्ये आडवा आहे. सबब, कातिमाहून एका दिवसात जाणं शक्य आहे, पण दिवसातला सगळ्यात नाजूक तुकडा सगळ्यात वाईट वेळी वाट्याला येतो.

म्हणून पहिला सल्ला: जमत असेल तर दिशाच उलटी करा. कसानेहून सकाळी निघा, ऊन चांगलं वर आल्यावर आठच्या सुमारास उद्यानाच्या कसानेकडच्या सेदुदू फाटकातून आत शिरा, साडेअकरा-बारापर्यंत न्गोमाला बाहेर पडा. सीमा दुपारी उरकते, आणि उरलेले ६५ किलोमीटर गावागावांतून आहेत, तिथे गुरांपलीकडे फारसं काही आडवं येत नाही. शिवाय या भागात कोरड्या ऋतूतला वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेला जाताना तो पाठीशी येतो. साडेचार-पाचला कातिमात आरामात पोचाल.

परतीचं विमान कसानेहून किंवा व्हिक्टोरिया फॉल्सहून काढलेलं असेल आणि दिशा बदलता येत नसेल, तर दिवसाचे दोन करा. पहिल्या दिवशी कातिमाहून न्गोमाच्या अलीकडे येऊन मुक्काम करायचा. सालाम्बाला या गावसमूहाच्या संवर्धन क्षेत्रात तंबूची जागा आहे, पण ती मुख्य रस्ता सोडून काही किलोमीटर आत आहे आणि वाट वाळूची आहे. ३८ च्या टायरला ती बरीचशी ढकलतच पार करावी लागेल. शिवाय जागा चालू आहे ना हे कातिमातच विचारून घ्या. नाहीतर रस्त्यालगतच्या गावात इंदुनाची, म्हणजे गावच्या प्रमुखाची, परवानगी मागून कुणाच्या तरी अंगणात तंबू लावायचा. अंगणातच, गावाबाहेरच्या झाडाखाली नाही. हत्ती नामिबियाच्या बाजूलाही फिरतात आणि रात्री मक्याच्या शेतांत येतात. दुसऱ्या दिवशी चौकी उघडताच सीमा ओलांडली की नऊच्या आत उद्यानात, दीड वाजता कसानेत जेवायला.

एक गोंधळ टाळा. जुन्या मार्गदर्शिकांत नामिबिया आणि बोट्स्वाना यांच्या घड्याळांत हिवाळ्यात तासाचा फरक लिहिलेला असतो. नामिबियाने २०१७ मध्ये घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं. आता दोन्हीकडे वर्षभर एकच वेळ आहे, भारतापेक्षा साडेतीन तास मागे. न्गोमाची चौकी सकाळी सात ते संध्याकाळी सहा धरून चला आणि आदल्या दिवशी कातिमात खात्री करा. पाच वाजता पोचून "अजून तासभर आहे" म्हणण्यात अर्थ नाही, कारण पलीकडे गेल्यावर अंधारात उद्यानात सायकल घालता येत नाही.

आता रस्ता. कातिमा हे झांबेझी प्रांताचं मुख्य ठिकाण. २०१३ पर्यंत या प्रांताचं नाव कॅप्रिव्ही होतं. १८९० च्या करारात जर्मनीला झांबेझी नदीपर्यंत पोचायला हा चिंचोळा पट्टा मिळाला, आणि तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलरचं नाव त्याला चिकटलं. नकाशावरचं ते विचित्र शेपूट म्हणजे हेच. गावात सुपरमार्केट, एटीएम, औषधांची दुकानं आहेत. खरेदी इथेच उरका, पुढे कसानेपर्यंत असं दुकान नाही. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक चालतात, पण बोट्स्वानात पुला हे चलन लागतं. थोडे पुला आधीच खिशात असू द्या. न्गोमाला एटीएम नाही.

कातिमा सोडल्यावर रस्ता आग्नेयेला जातो. वाहतूक तुरळक असते, कारण अवजड ट्रक बहुतेक कातिमाजवळच्या झांबेझीवरच्या पुलाने झांबियाकडे वळतात. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ही मोठी सोय. डांबराच्या कडेला पक्की पट्टी मात्र बेताचीच आहे, त्यामुळे हँडलला किंवा हेल्मेटला आरसा हवा. मागून वेगातली गाडी आणि समोरून दुसरी एकाच वेळी येताना दिसली, तर कमीपणा न मानता कडेला उतरा. गुरं आणि शेळ्या रस्त्यावरच असतात. गुरं सहसा हलत नाहीत. शेळ्यांमधली शेवटची एक मात्र ऐनवेळी उलटी फिरते, तेव्हा कळपाच्या मागून जा.

चाळीसेक किलोमीटरवर बुकालो लागतं. हे बासुबिया लोकांच्या पारंपरिक सत्तेचं गाव. पाणी भरायला आणि खायला हीच जागा. टपरीवर फॅटकेक नावाचे मैद्याचे तळलेले गोळे मिळतात, एकदोन खाल्ले की तास दीड तास भूक लागत नाही. शाकाहारी माणसाने डब्यातले बेक्ड बीन्स, शेंगदाणे, पीनट बटर आणि ब्रेड यांवर दिवस काढावा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड सगळीकडे मिळते, मात्र तिच्याबरोबरचं कालवण बहुधा मांसाचं किंवा माशाचं असतं. काही विचारायच्या आधी नमस्कार करायची पद्धत इथे कसोशीने पाळतात. कातिमाकडे "लुमेला", सीमेपलीकडे पुरुषाला "दुमेला रा", बाईला "दुमेला मा". सायकलवरून न उतरता "पाणी कुठे?" असं ओरडून विचारणं उद्धट समजलं जातं, आणि उत्तरही तसंच मिळतं.

पंक्चरबद्दल जरा विस्ताराने, कारण या रस्त्यावर सायकल थांबते ती बहुतेक याच कारणाने. आपल्याकडचा सराटा तिकडे मुबलक आहे, दिसायला सारखा नव्हे, तीच वनस्पती. वाळलेलं फळ फुटून पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन मोठे काटे. फाक कशीही पडली तरी एक काटा वर तोंड करून राहतो. डांबरावर सराटे क्वचितच असतात. ते असतात कडेच्या मातीत, दुकानाबाहेरच्या अंगणात आणि सावलीच्या झाडाखाली. म्हणजे तुम्ही विसाव्यासाठी सायकल ढकलत नेता तिथेच. नियम साधा आहे: डांबर सोडताना सायकल ढकलायची नाही, उचलायची. १८ किलो सामानासकट जड जात असेल तर मागची पॅनियर, म्हणजे कॅरियरला लटकवलेली पिशवी, आधी काढा. एवढा एक नियम पाळला तरी पंक्चर निम्म्याने कमी होतात.

ट्यूबवर चालवणार असाल तर काढता येणाऱ्या व्हॉल्व्ह कोअरची ट्यूब घ्या आणि दर ट्यूबमध्ये ५०-६० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घाला. सराट्याची बारीक भोकं चालता चालता बुजतात. बाभळीच्या जातीचे लांब काटे मात्र टायर आरपार करून ट्यूबला दोन बाजूंनी भोक पाडतात, तिथे सीलंट कमी पडतं. ट्यूबलेस असेल तर काटा काढून ते भोक जमिनीच्या बाजूला फिरवा आणि मिनिटभर थांबा, द्रव तिकडे जमून भोक धरतो. सीलंट कोरड्या हवेत लवकर वाळतं. भारतातून निघायच्या आठवड्यात नवं भरा. दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर आत फक्त रबराच्या गोळ्या उरलेल्या असतात.

ठिगळ लावताना नेहमी होणारी चूक म्हणजे काट्याचं टोक टायरमध्ये राहून जाणं. ट्यूब बसवली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं, असं झालं तर ठिगळाला दोष देऊ नका. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवा. मग ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजलं की टायरवरची जागा लगेच सापडते. आतून बोट फिरवण्याऐवजी कापसाचा बोळा किंवा पातळ कापड फिरवा, ते टोकाला अडकतं. टोक चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढा. आतून ढकललंत तर ते रबरात परत लपतं. सोल्यूशन लावल्यावर ते चकचकीत दिसतंय तोवर ठिगळ लावायचं नाही, मंद झालं की लावायचं. सोल्यूशनची मोठी ट्यूब एकदा उघडली की त्या उन्हात आठवड्यात वाळते, म्हणून लहान लहान तीन न्या. ठिगळं वीस, जादा ट्यूब तीन, चांगला हातपंप. सीओटूच्या नळकांड्यांवर विमानात बंधनं असतात आणि तिकडे गावांत त्या मिळत नाहीत, पंपच खरा.

एकूण वजन, म्हणजे स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलोच्या आसपास असेल, तर ३८ च्या टायरला मागे ५५-६० पीएसआय आणि पुढे ४५-५० पुरे. सकाळी दहा अंशांच्या थंडीत भरलेली हवा दुपारी तापलेल्या डांबरावर थोडी वाढते, म्हणून काठोकाठ भरू नका. कॅरियरचे बोल्ट निघण्याआधी थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून कसा. धूळ बारीक असते, म्हणून चेनला तेलकट ल्युब नको, मेणाचं घाला.

न्गोमाकडे जमीन उतरत नदीच्या पूरमैदानात जाते. झांबेझीला पूर आला की पाणी मागे रेटलं जातं आणि चोबे नदी काही काळ उलटी वाहते. पुराच्या काळात, मार्च ते मेच्या सुमारास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी पसरलेलं दिसतं. जुलैत ते ओसरू लागलेलं असतं. पाण्याच्या काठाला जाऊ नका, पिण्यासाठी नाही आणि हात धुवायलाही नाही. मगरी आहेत, पाणघोडे आहेत, आणि साचलेल्या पाण्यात बिलहार्झिया या रोगाचे परजीवी असू शकतात. गावातल्या हातपंपाचं पाणी क्लोरिनच्या गोळीने किंवा फिल्टरने शुद्ध करून प्या.

सीमेवर क्रम असा. आधी नामिबियाच्या चौकीत फॉर्म भरून बाहेर पडल्याचा शिक्का, मग पूल, मग चढावरची बोट्स्वानाची चौकी. व्हिसाचे नियम दोन्ही देश बदलत असतात. अधिकृत संकेतस्थळ निघण्याच्या महिन्यात बघा, महाजालावरच्या जुन्या अनुभवांवर विसंबू नका. शिक्का मिळाल्यावर खिडकी सोडण्याआधी त्यावर किती दिवस लिहिलेत ते वाचा, नव्वद मागून तीन लिहिले गेले तर दुरुस्ती तिथेच होते. गाड्यांना रस्त्याचा कर भरावा लागतो, सायकलला सहसा मागत नाहीत. सायकल खरेदीच्या पावतीची एक प्रत जवळ असली की कस्टमचा प्रश्न दोन वाक्यांत मिटतो. चौकीचे आणि पुलाचे फोटो काढू नका.

मग येतो जनावरांच्या रोगाचा तपासणी नाका. लाळ्या खुरकुताचा विषाणू इथल्या रानम्हशी स्वतः आजारी न पडता बाळगतात. गुरांच्या मांसाची निर्यात हा बोट्स्वानाचा मोठा धंदा, म्हणून हा नाका केवळ नावाला नाही. जंतुनाशकात भिजवलेल्या चटईवर बूट बुडवायचे, सायकलची दोन्ही चाकं द्रवातून न्यायची. पॅनियरमधले जादा बूट किंवा चपलाही काढून बुडवाव्या लागतात; त्या तळाशी ठेवल्या असतील तर सगळं सामान रस्त्यावर येतं, म्हणून आदल्या रात्री वर ठेवा. मडगार्डच्या आतली माती आधीच खरवडून टाका. द्रव रिम आणि चेनवर वाळू देऊ नका, पलीकडे गेल्यावर अर्धी बाटली पाण्याने धुवा आणि चेन पुसून ल्युब घाला. कच्चं मांस, दूध, चीज, अंडी, बहुतेक वेळा फळंही पलीकडे नेता येत नाहीत. विचारलं तर खरं सांगा आणि काढून घेतलं तर देऊन टाका. घरून आणलेले साजूक तुपातले लाडू त्यांच्या हिशोबी दुग्धजन्य आहेत, तेव्हा ते नामिबियातच संपवा. चिक्कीला आणि चिवड्याला कुणी हरकत घेत नाही.

चौकीनंतर लगेच उद्यानाचं फाटक. आतून जाणारा डांबरी रस्ता हा ये-जा करणाऱ्यांसाठीचा सार्वजनिक रस्ता आहे. गाडीवाले नोंद करून जातात. नदीकाठच्या सफारीच्या वाळूच्या वाटा वेगळ्या, त्यांवर सायकल चालत नाही. सायकलस्वाराला या रस्त्यावर कधी नोंद करून सोडतात, कधी गाडीत बसून जायला सांगतात. जवळपास सिंह दिसले असतील किंवा दुपार उलटली असेल तर गाडीतच बसायला सांगतात. रखवालदाराचा शब्द शेवटचा. हुज्जत घालू नका. आदल्या तासाभरात तिथून कोण कोण गेलं आणि त्यांना काय दिसलं हे त्याला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. उलट आपणहून विचारा: आज कुठे काय आहे?

नकार आला तर फाटकावरच थांबून पिकअप शोधायची. तिला तिकडे "बकी" म्हणतात. पैसे चढण्याआधी ठरवा. पॅनियर काढा, पुढचं चाक सोडा, सायकल डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) वरच्या बाजूला येईल अशी आडवी ठेवा, खाली झोपायची मॅट घाला आणि दोन पट्ट्यांनी बांधा. या पट्ट्या स्वतःच्या न्या, बकीत दोरी असेलच असं नाही. पन्नास किलोमीटर गाडीत गेले म्हणून प्रवासाला बट्टा लागला असं वाटणाऱ्यांनी हा मार्गच निवडू नये.

सोडलं, तर पुढचे चार तास डोळे रस्त्यावर कमी आणि रानावर जास्त. २०२२ च्या हवाई गणनेत पाच देशांच्या कावांगो-झांबेझी संरक्षित क्षेत्रात सुमारे २ लाख २८ हजार हत्ती मोजले गेले, त्यांतले १ लाख ३२ हजारांच्या आसपास एकट्या बोट्स्वानात. चोबेचा काठ हा त्यांचा कोरड्या ऋतूतला पाणवठा. हत्ती दिसतील का हा प्रश्नच नाही, किती अंतरावर दिसतील एवढंच आपल्या हातात आहे.

इथले हत्ती गाड्यांना सरावलेले आहेत, सायकलला नाहीत. आवाज न करता वेगाने येणारी, माणसाच्या वासाची वस्तू त्यांना अचानक दिसते आणि ते बिथरतात. म्हणून दाट झाडीत किंवा वळणावर वेग कमी करून मोठ्याने बोलत जा. घंटा किंवा हॉर्न समोर दिसणाऱ्या हत्तीवर वाजवायचा नाही. कानात इअरफोन नको. दोघंतिघं असाल तर एकमेकांत वीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. रस्त्यावरची लीद वाचायला शिका: ओली, चकाकणारी, कधी वाफाळणारी म्हणजे कळप इथेच आहे, कडा वाळून पांढरट झालेली म्हणजे कालची. डांबरावर ताज्या हिरव्या फांद्या पडलेल्या असतील तर थांबून दोन्ही बाजूंना कान द्या. फांद्या मोडल्याचा आवाज बराच आधी येतो.

हत्ती रस्त्यावर किंवा कडेला दिसला की दीडशे मीटरवर थांबा. क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीपासून सीमारेषा असते त्याच्या दुप्पट अंतर समजा. थांबण्याआधी हलका गिअर टाका, मग सायकल मागच्या दिशेला वळवून ठेवा आणि मगच बघत बसा. जड गिअरमध्ये अडकलेली भरलेली सायकल ऐनवेळी हलत नाही. हत्ती तासाला चोवीस-पंचवीस किलोमीटरने धावू शकतो. भरल्या सायकलला तो वेग गाठायला जितके सेकंद लागतात तितके तो देत नाही. म्हणून पळायची तयारी आधी, गरज पडल्यावर नाही. एक हत्ती रस्ता ओलांडून गेला म्हणजे झालं असं समजू नका. माद्यांच्या कळपात मागून आणखी येतात, पिल्लं मध्ये असतात, आणि कळपाचे दोन भाग रस्त्याच्या दोन बाजूंना असताना मधून जाणं ही सगळ्यात घातक चूक. शेवटचा दिसल्यानंतर दहा मिनिटं थांबा. कधी एकूण चाळीस मिनिटं जातात. ती दिवसाच्या हिशोबात आधीच धरलेली असावीत.

कान फैलावून, डोकं उंच करून, मान झटकत दोनचार पावलं पुढे येणं ही बहुधा धमकी असते. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका. कान मागे चिकटलेले, सोंड आत गुंडाळलेली, डोकं खाली आणि आवाज नाही, असं आलं तर तो थांबणार नाही. सायकल टाकून जाड झाड, मुरूमाचा ढीग, जे मिळेल त्याच्या आड जा. तिथे सामान वाचवायला जाणारा माणूस मूर्ख. एकटा नर दिसला तर गाल बघा. गंडस्थळातून मदाचा काळपट ओघळ गालावर उतरलेला आणि मागचे पाय आतून ओले असतील, तर दीडशेचे तीनशे मीटर करा आणि गाडी येईपर्यंत हलू नका.

गाडीची मदत हा खरा उपाय आहे, आणि बहुतेक चालक ती आनंदाने करतात. हात सपाट ठेवून वरखाली करत गाडी थांबवा. हत्ती ज्या बाजूला आहे त्या बाजूने तासाला वीसच्या वेगाने चालवायची विनंती करा आणि तुम्ही पलीकडच्या बाजूने, चालकाच्या दाराच्या रेषेत राहा. गाडीच्या मागे राहू नका. चिडलेला हत्ती गाडीमागे लागला तर मध्ये तुम्ही येता.

सिंह भर दुपारी सहसा सावलीत पडलेले असतात, म्हणून हा पट्टा उन्हात काढायचा. दिसलाच तर पेडल मारून पळू नका, पळणाऱ्यामागे लागायची त्याची सवय आहे. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये आडवी धरा, नजर न हटवता मागे सरका. लघवीला रस्त्याची कड सोडून झुडपात जायचं नाही. लाज कसानेत पोचल्यावर बाळगा. टायर पंक्चर झालं तर दोन्ही बाजूंना लांबवर दिसेल अशा सरळ तुकड्यावर चालत या, मग चाक काढा, आणि दोघं असाल तर एकाने फक्त पहारा करायचा.

या ५० किलोमीटरांत पाणी कुठेच नाही. जुलैत तासाला ०.६ लिटर धरलं तर चार तासांचं अडीच लिटर, खोळंब्यासाठी एक, राखीव दीड, म्हणजे फाटकातून निघताना पाच लिटर हवंच. ऑक्टोबरात पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा तासाला लिटर आणि एकूण आठ धरा. खरं तर ऑक्टोबरात हा बेत करूच नका. ओआरएसची एक लिटरची तीन पाकिटं घ्या. संपली तर लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोबाईलची रेंज मधेमधे जाते. बोट्स्वानात पोलिसांचा क्रमांक ९९९ आणि रुग्णवाहिकेचा ९९७ आहे, पण आत असताना पहिली मदत येणाऱ्या गाडीचीच. विम्यात सायकल प्रवास आणि उचलून नेण्याचा खर्च दोन्ही लिहिलेले आहेत ना, ते वाचून घ्या.

हा मलेरियाचा भाग आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि विचारताना दिवसभर उन्हात सायकल चालवणार हे सांगा. डॉक्सीसायक्लिनने काही जणांची त्वचा उन्हात भाजून निघते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलला तो त्रास सहसा नसतो. ते परतल्यावर सात दिवस घ्यावं लागतं, डॉक्सी चार आठवडे.

सेदुदू फाटकाच्या अलीकडे रस्ता नदीजवळ येतो आणि हत्तींची शक्यता वाढते, नेमके पाय थकलेले असताना. फाटक दिसलं म्हणून सुटलो असं मानू नका. कसाने गावातही संध्याकाळी हत्ती रस्त्यावर येतात, आणि सुळेवाले वॉर्टहॉग (तिकडची रानडुकरं) तर हॉटेलांच्या हिरवळीवर चरत असतात. अंधार पडल्यावर खाणं आणायला दुकानात चालत जाऊ नका. नदीकाठच्या तंबूच्या जागेत पाणवठ्याकडे जाणारी मळलेली वाट सोडून तंबू लावा, रात्री पाणघोडे त्याच वाटेने चरायला वर येतात. खाण्याचं सामान तंबूत ठेवलं तर माकडं आणि बबून कापड फाडून नेतात. स्वागतकक्षात किंवा स्वयंपाकघरात ठेवायला द्या, टूथपेस्टसकट.

पुढे झांबियात जायचं असेल तर कसानेहून बाराएक किलोमीटरवर कझुंगुलाचा पूल आहे. ९२३ मीटरचा हा पूल मे २०२१ मध्ये सुरू झाला. त्याआधी तराफ्यावरून जावं लागे आणि ट्रक दिवसेंदिवस ताटकळत. पूल झिम्बाब्वेची हद्द टाळण्यासाठी वळवून बांधलाय. दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत होतात, पण ट्रकचालकांच्या रांगा लांब असतात, म्हणून सकाळी लवकर पोचा. हा टप्पा न्गोमाच्या दिवसालाच जोडू नका. कसानेत एक रात्र घ्या, सराटे वेचून टायर साफ करा आणि ठिगळांचा साठा मोजा.